प्राथमिक शाळेत हाताचं काम: काय शिकवायचं, काय नाही

शिकून बाहेर पडलेल्यांना काम मिळत नाही, अशी ओरड वाढली की एक मागणी हटकून पुढे येते: व्यवसाय शिक्षण लहानपणापासून द्या, अगदी प्राथमिक शाळेपासून. त्यावर लगेच दुसरी बाजू उभी राहते: आठ वर्षांच्या मुलाला कामाला जुंपायचं का? त्याला वाचू द्या, खेळू द्या. दोन्हीकडची माणसं मुलांच्या काळजीपोटीच बोलत असतात. तरी वाद मिटत नाही, कारण दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळ्या शाळा असतात.

या एका मागणीत खरं तर तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक म्हणजे धंद्याचं प्रशिक्षण. शिकून झाल्यावर त्या कामावर पोट भरता यावं, एवढाच त्याचा हेतू. दुसरी गोष्ट म्हणजे हाताचं काम हाच एक विषय, गणित किंवा चित्रकला असते तसा. त्यातून मूल सुतार किंवा शिंपी होत नाही. पण कागद, कापड, माती, लाकूड, तार यांचे स्वभाव त्याला कळतात. मोजणं, आखणं, कापणं, जोडणं जमू लागतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे कामाच्या आधारानं बाकीचे विषय शिकवणं: वाफा तयार करता करता क्षेत्रफळ, सूत कातता कातता इतिहास.

माझं मत आधीच मांडते. पहिली गोष्ट प्राथमिक शाळेत नको. दुसरी हवीच, आणि ती सगळ्या मुलांना हवी. तिसरी फार मोलाची आहे, पण ती दुसरीच्या पायावर उभी राहते. ज्या मुलाला सरळ कापता येत नाही, त्याला कापण्यातून भूमिती शिकवता येत नाही.

धंदा इतक्या लवकर का नको

पहिलं कारण वयाचं. युनेस्कोनं १९७४ साली तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणाबद्दल शिफारशी केल्या, त्यात एकाच कामात विशेष प्रावीण्य मिळवायला सुरुवात करण्याचं वय साधारणपणे १५ च्या खाली नसावं, असं म्हटलं होतं. त्याच शिफारशींनी हेही सांगितलं की तंत्राची आणि कामाच्या जगाची ओळख हा सर्वसाधारण शिक्षणाचा भाग असायला हवा. म्हणजे ओळख लवकर, धंदा उशिरा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७३ चा १३८ क्रमांकाचा करारही असाच भेद करतो. मुलांना कामाला लावण्याचं किमान वय तो ठरवून देतो, पण शाळेत शिक्षणाचा भाग म्हणून केलेलं काम त्या बंदीतून वगळतो.

दुसरं कारण काळाचं. आठव्या वर्षी शिकवलेला धंदा मूल वापरायला लागेल ते दहा-बारा वर्षांनी. तोवर हत्यारं बदलतात, यंत्रं बदलतात, काही कामं नाहीशीच होतात. अर्थतज्ज्ञ एरिक हनुशेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ देशांतल्या माणसांच्या नोकऱ्यांची माहिती तपासून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांना सुरुवातीला काम लवकर मिळतं, पण वय वाढत जातं तसा तो फायदा ओसरतो, कारण नव्या तंत्राशी जुळवून घेणं त्यांना जड जातं, असं त्यात दिसलं. हा अभ्यास मोठ्या वयात व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांचा आहे. सोळाव्या वर्षी जी जोखीम दिसते, ती आठव्या वर्षी कमी कशी असेल?

तिसरं कारण मला सगळ्यात गंभीर वाटतं. कोणतं मूल कुठल्या वाटेनं जाणार हे लवकर ठरवलं की ते बहुतेक वेळा त्याच्या घरावरून ठरतं, कुवतीवरून नाही. शिकलेल्या घरातलं मूल पुस्तकाच्या वाटेला लागतं आणि कष्टकऱ्याचं मूल हत्याराच्या. मुलांना लहान वयात वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागणाऱ्या देशांत शिक्षणातली विषमता वाढते, असा निष्कर्ष हनुशेक आणि लुडगर व्योसमान यांनी २००६ साली अनेक देशांच्या तुलनेतून काढला. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत ही विभागणी दहाव्या वर्षाच्या आसपास होते. फिनलंडनं १९७० च्या दशकात तसली विभागणी मोडीत काढली आणि सगळ्यांना नऊ वर्षं एकाच प्रकारची शाळा दिली. त्या एकाच शाळेत हस्तकाम मात्र सगळ्यांना ठेवलं.

एक पट्टी, तीन तुकडे

हाताचं काम नेमकं काय शिकवतं हे मोठ्या शब्दांत सांगितलं की पोकळ वाटतं. म्हणून एकच काम घेऊन बघू.

चौथीच्या मुलांना ३० सेंटिमीटर लांबीची लाकडी पट्टी द्या आणि तीन सारखे तुकडे करायला सांगा. तिसाला तीननं भाग, उत्तर दहा. एवढं गणित बहुतेकांना येतं. मूल दहावर आणि विसावर खूण करतं, करवत चालवतं, तुकडे एकमेकांशेजारी उभे करतं. आणि तिसरा तुकडा आखूड निघतो. कुणाचा दुसराही.

गणित बरोबर असताना असं का झालं? कुणाच्या मोजपट्टीवर शून्याची रेघ कडेपासून थोडी आत असते आणि त्यानं कडेपासून मोजलेलं असतं. कुणी एकापासून मोजलेलं असतं. ज्यांचं मोजमाप चोख होतं, त्यांचाही तुकडा आखूडच असतो. मग एखादं मूल खाली पडलेल्या भुशाकडे बघतं. करवतीच्या पात्याला जाडी असते. बारीक करवतीचीसुद्धा मिलिमीटर-दीड मिलिमीटर. तेवढं लाकूड भुसा होऊन जातं. वहीतल्या भागाकारात काहीच सांडत नाही, लाकडाच्या भागाकारात सांडतं.

आता पुढचा प्रश्न. दहा-दहा सेंटिमीटरचे तीन तुकडे हवेच असतील तर पट्टी किती लांब घ्यायची? मुलं पटकन म्हणतात, तीन काप जास्त. मग कुणी तरी मोजतं: काप दोनच आहेत. चार तुकड्यांना तीन काप, दहा तुकड्यांना नऊ. तुकड्यांपेक्षा काप नेहमी एकानं कमी का, हे मुलांना स्वतःच्या शब्दांत सांगू द्या. हा शुद्ध गणिताचा धडा आहे आणि तो त्यांना स्वतः सापडलेला असतो. शिवाय पेन्सिलीच्या रेघेलाही जाडी असते, तेव्हा करवत रेघेच्या कोणत्या अंगाला धरायची हेही ठरवावं लागतं. अनुभवी माणूस सगळ्या खुणा एकदम करत नाही. एक तुकडा कापतो, नव्या टोकापासून पुन्हा मोजतो. ही युक्ती मुलांना सांगावी लागत नाही. दोन-तीन पट्ट्या वाया गेल्या की त्यांनाच सुचते.

मग असे चार तुकडे जोडून चौकोनी चौकट करायची. काप तिरका गेला असेल तर कोपरा उघडा राहतो. आता गुण्या हातात द्या. ज्याला काटकोन ही पुस्तकातली एक आकृती वाटत होती, त्याला तो का लागतो हे कळलेलं असतं.

यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की इथं चूक कशी वागते. वहीतली चूक शिक्षकानं लाल शाईनं दाखवेपर्यंत दिसत नाही, आणि दाखवली की ती मुलाची नालायकी ठरते. लाकडातली चूक मुलाला स्वतःला दिसते, लगेच दिसते, आणि तिच्यात कुणाचा राग नसतो. फट आहे म्हणजे आहे. ती कशी बुजवायची, एवढाच प्रश्न उरतो. ज्या मुलाला वर्गात वर्षभर फक्त चुका दाखवल्या जातात, त्याला अशा दोन तासांत जो हुरूप येतो तो बघण्यासारखा असतो.

पण आपोआप काही होत नाही

हाताला काम दिलं की डोकं आपोआप चालायला लागतं, हा गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. नुसती करवत चालवून करवतच चालवता येते. वरच्या धड्यात शिक्षक थांबला, त्यानं विचारलं, मुलांना बोलू दिलं, म्हणून त्यातून गणित निघालं. प्रश्न गेले की उरतात तीन लाकडी तुकडे.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी जानेवारी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात एक प्रायोगिक शाळा काढली. तिथं सुतारकाम, शिवणकाम, स्वयंपाक हे शिक्षणाच्या मध्यभागी होतं, पण त्यातून कारागीर घडवायचे नव्हते. तिथल्या एका प्रसंगाचं वर्णन त्यांनी करून ठेवलं आहे. मुलांना कच्ची लोकर आणि बोंडातला कापूस दिला होता. एका गटानं हातानं सरकी काढून कापूस वेगळा करायला घेतला. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर हाती आला तो एक औंसाहून, म्हणजे साधारण २८ ग्रॅमहून, कमी. मग त्यांनी दोन्ही तंतू निरखले. कापसाचा तंतू आखूड आणि गुळगुळीत. लोकरीचा लांब आणि खरखरीत, एकमेकाला धरून राहणारा, म्हणून कातायला सोपा. आपल्या पूर्वजांनी कापसाआधी लोकरीचे कपडे का घातले असतील, सरकी काढणाऱ्या यंत्रानं एवढा फरक का पडला, हे त्या मुलांना पाठ करावं लागलं नाही. बोटं दुखली होती, त्यामुळे यंत्राची किंमत समजली होती.

हे आधी कुणी करून पाहिलं?

प्राथमिक शाळेत हस्तकाम सक्तीचं करण्याचा पहिला मोठा प्रयत्न फिनलंडमध्ये झाला. उनो सिग्नेउस यांनी तिथल्या लोकशाळांची घडी बसवली आणि १८६६ साली ग्रामीण शाळांतल्या मुलग्यांसाठी हस्तकाम हा आवश्यक विषय झाला. त्यांचा आग्रह होता की हे शिक्षण धंद्यासाठी नाही, माणूस घडवण्यासाठी आहे.

शेजारच्या स्वीडनमध्ये ओटो सालोमोन यांनी १८७० च्या दशकात नेस इथं शिक्षकांना हे शिकवण्याची शाळा काढली. देशोदेशींचे शिक्षक तिथं येऊन शिकून गेले. या पद्धतीला स्लॉइड म्हणतात. तिची रचना मला आजही आदर्श वाटते. मुलानं करायच्या वस्तूंची एक चढती मालिका असते. पहिली वस्तू नुसत्या चाकूनं होणारी, एखादी टोकदार काडी. पुढच्या प्रत्येक वस्तूत एखादंच नवं हत्यार किंवा एखादीच नवी कृती. वस्तू शोभेची नाही, घरात वापरात येणारी. ती मुलानं संपूर्ण स्वतः करायची. शिकवणारा कारागीर नव्हे तर शिक्षकच असावा, असंही सालोमोन यांचं ठाम मत होतं. कारागिराला वस्तू चांगली व्हायला हवी असते, शिक्षकाला मूल.

हा विषय दोन्ही देशांत आजही जिवंत आहे. स्वीडनच्या नऊ वर्षांच्या सक्तीच्या शाळेत त्याला एकूण ३३० तास दिलेले आहेत. सुरुवातीला मुलग्यांना लाकूड आणि मुलींना सुई अशी वाटणी होती. १९६९ च्या अभ्यासक्रमानं ती मोडली आणि दोघांनाही दोन्ही कामं दिली. फिनलंडमध्ये २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात तर कापडकाम आणि तांत्रिक काम हे दोन वेगळे विषयच राहिले नाहीत. मूल कल्पना करतं, आराखडा काढतं, वस्तू बनवतं, प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवतं आणि शेवटी स्वतःच तिची पारख करतं. हे सगळं मिळून एक काम धरलं जातं.

आता जिथं अडखळलं त्या प्रयोगांकडे वळू, कारण शिकण्यासारखं तिथं जास्त आहे.

शिक्षणतज्ज्ञ योहान पेस्तालोत्सी यांनी १७७४ च्या सुमाराला स्वित्झर्लंडमधल्या आपल्या नॉयहोफच्या शेतावर गरीब मुलांना आणलं. मुलांनी कातावं, विणावं, त्याच्या मिळकतीतून त्यांचा खर्च भागावा आणि जोडीनं शिक्षणही व्हावं, असा बेत होता. कर्ज वाढत गेलं आणि १७८० साली सगळं बंद पडलं. मुलांच्या हातून निघालेला माल बाजारात टिकत नाही. तो टिकवायचा तर मुलांकडून शाळेऐवजी कारखान्यासारखं काम करून घ्यावं लागतं. मधला रस्ता मला तरी दिसत नाही.

हाच पेच वर्ध्याच्या योजनेत पुन्हा आला. ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या पुढाकारानं वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीनं मूलोद्योगाभोवती उभा केलेला सात वर्षांचा अभ्यासक्रम तयार केला. शिक्षण मातृभाषेतून आणि एका हस्तोद्योगाच्या आधारानं द्यायचं होतं. रोजच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटं त्या उद्योगाला दिली होती. टकळीवर सूत काढताना फेरे मोजायचे, लांबी आणि वजन काढायचं, कापूस कुठून येतो ते शिकायचं. हाताचं काम खालच्यांचं आणि डोक्याचं वरच्यांचं, ही भिंत पाडण्याची त्यामागची ओढ आजही मला हलवते. पण या कामाच्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार निघावा, अशीही अपेक्षा त्यात होती. आर्थिक बाजूवर जोर पडून शिक्षणाचा हेतू मागे पडण्याचा धोका आहे, हा इशारा समितीनं स्वतःच आपल्या अहवालात दिला होता. पुढे शाळांवर पाट्या मूलोद्योगाच्या लागल्या, आत मात्र बऱ्याच ठिकाणी टकळी हा आणखी एक तास झाला. शेजारी पुस्तकी शाळा चालूच होत्या आणि ज्यांना शक्य होतं त्यांनी आपली मुलं तिकडे घातली. नंतर कोठारी आयोगानं कार्यानुभव सुचवला, १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीनं समाजोपयोगी उत्पादक कार्य सुचवलं. नावं बदलली, वेळापत्रकातली जागा कडेचीच राहिली.

केनियानं १९८५ साली आठ वर्षांच्या प्राथमिक शिक्षणाची नवी रचना आणली आणि तिच्यात शेती, गृहविज्ञान, हस्तकला असे व्यवहारोपयोगी विषय घातले. हेतू हाच होता की आठवीनंतर थांबणाऱ्या मुलाच्याही हाती काही तरी कौशल्य असावं. पण कार्यशाळा, हत्यारं, शिकवू शकणारे शिक्षक यांची तयारी नव्हती. खर्च पालकांवर आला, विषयांचं ओझं वाढलं आणि पुढे ते कमी करावं लागलं. फळ्यावर लिहून घेतलेलं सुतारकाम हे सुतारकाम नसतं.

पालक चुकतात का?

अशा योजना फसल्या की दोष पालकांना दिला जातो: त्यांना हाताच्या कामाची लाज वाटते, सगळ्यांना बाबूच व्हायचं आहे. समाजशास्त्रज्ञ फिलिप फॉस्टर यांनी घानाचा अभ्यास करून १९६५ साली याला सडेतोड उत्तर दिलं. वसाहतीच्या काळापासून तिथं शेतीच्या आणि उद्योगाच्या शाळा काढल्या जात होत्या आणि लोक पुस्तकी शाळाच मागत होते. फॉस्टर यांनी दाखवलं की लोकांचा हिशेब पक्का होता. चांगल्या पगाराच्या नोकऱ्या पुस्तकी शिक्षणालाच मिळत होत्या, म्हणजे त्या समाजात खरं व्यवसाय शिक्षण तेच होतं. मजुरी आणि मान शाळेबाहेर ठरतात. शाळेत रंधा ठेवून ते बदलत नाहीत.

म्हणूनच हाताचं काम फक्त गरिबांच्या शाळांत ठेवलं तर पालक त्याला सापळा समजतील, आणि त्यांचं बरोबर असेल. डॉक्टरच्या मुलीलाही बटण लावायला, खिळा ठोकायला, कुंडीतली माती बदलायला शिकवलं जातं, तिथंच या विषयाला विषय म्हणून जागा मिळते.

कोणत्या वयात काय

पहिली-दुसरीत कागद, माती, दोरा. रेघेवर कातरणं, घडी कडेला कड जुळवून घालणं, गाठ मारणं आणि सोडवणं, मोठं बटण काजातून काढणं, बी पेरून रोज पाणी घालणं. ही कामं क्षुल्लक वाटतात, पण पेन्सिल नीट धरायला लागणारी बोटं यातच तयार होतात. गोल टोकाची कातरी द्यावी, पण ती कापणारी असावी. न कापणारी कातरी मुलाला फक्त हे शिकवते की आपल्याला जमत नाही.

तिसरी-चौथीत मोठ्या नाकाची सुई आणि धावदोरा, पुठ्ठ्याच्या चौकटीवर विणकाम, मऊ लाकडात खिळे, मोजपट्टी आणि पुठ्ठा. बागेत आता मोजायला लागता येतं. वीस बिया पेरल्या, चौदा उगवल्या, म्हणजे शेकडा सत्तर. शेजारच्या वाफ्यात दहाच का उगवल्या? खोल पेरल्या होत्या की पाणी जास्त झालं? पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलून पाहू या. विज्ञानाचा प्रयोग म्हणतात तो हाच.

पाचवीच्या सुमाराला करवत, गुण्या, पक्कड, स्क्रू. दीड व्होल्टचा सेल, छोटा दिवा, तार आणि स्वतः केलेला स्विच. घरातल्या विजेच्या जोडणीला मात्र हात लावायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी. दुरुस्ती हा तर या वयातला उत्तम विषय आहे: उसवलेली शिवण, सैल झालेला खुर्चीचा पाय, पुस्तकाची सुटलेली बांधणी. नवी वस्तू करण्यापेक्षा बिघडलेली वस्तू समजून घेणं अवघड असतं, आणि तिच्यात बुद्धी जास्त लागते.

हत्यारं लहान असावीत, खोटी नसावीत. बोथट हत्यार धारदारापेक्षा जास्त धोक्याचं असतं, कारण त्यावर जास्त जोर लावावा लागतो आणि ते घसरतं. कापायची वस्तू शिकंज्यात धरलेली असावी, हातात कधीच नाही. केस बांधलेले, खिळे ठोकताना डोळ्यांवर चष्मा. एका वेळी अर्धा वर्गच हत्याराशी, बाकीचे आखणीत किंवा शिवणात. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काढलेली असावी. तास संपताना एकही आकृती रिकामी दिसता कामा नये.

शिक्षक, वेळ आणि गुण

हा विषय बहुतेक वेळा मारला जातो तो वेळापत्रकात. पस्तीस मिनिटांच्या तासात सामान वाटायला दहा मिनिटं जातात आणि आवरायला दहा. उरलेल्या पंधरात कुणाचंच काही होत नाही, मग शिक्षक कंटाळून तो तास गणिताला देतो. जोडतास हवा, आठवड्यातून एकदाच असला तरी चालेल.

शिक्षकानं प्रत्येक वस्तू वर्गात नेण्याआधी स्वतःच्या हातानं करून बघितलेली असावी, त्याला दुसरा उपाय नाही. मूल कुठं अडणार हे त्यालाच कळतं जो स्वतः तिथं अडला होता. गावातल्या कारागिराला बोलवायला काहीच हरकत नाही, उलट बोलवावंच. मुलांनी सराईत हात चालताना बघणं फार गरजेचं आहे. फक्त वर्गशिक्षकानं त्या वेळात तपासायच्या वह्या घेऊन बसू नये. कारागीर करून दाखवेल. प्रश्न शिक्षकानं विचारायचे आहेत.

आणि गुण. वस्तू किती सुबक झाली यावर गुण दिले की दुसऱ्या आठवड्यापासून वस्तू घरून येऊ लागतात: आईनं शिवलेल्या, दादानं चिकटवलेल्या, नाहीतर विकत आणलेल्या. हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मूल यातून एवढंच शिकतं की आपलं वेडंवाकडं काम दाखवण्याच्या लायकीचं नाही. याला साधे उपाय आहेत. काम शाळेतच करायचं, पूर्ण होईपर्यंत शाळेतच ठेवायचं. एक कच्ची वही असावी: आधी काढलेलं चित्र आणि मापं, मग प्रत्यक्षात काय झालं, मग पुढच्या वेळी काय बदलणार. तीच वस्तू दोनदा करायला द्यावी आणि दोन्ही शेजारी ठेवून बघावं. पहिलीतून दुसरीपर्यंत मूल कुठं आलं, त्याला गुण.

कार्यशाळा नाही, निधी नाही, मग सुरुवात कशानं करायची, असं मुख्याध्यापक विचारतात. एक इयत्ता घ्या, एक जोडतास घ्या आणि वर्षभर पन्हाळीच्या पुठ्ठ्यावरच काम करा. रिकामी खोकी फुकट मिळतात. पट्ट्या कापून दोन पुस्तकांच्या मध्ये पूल ठेवा आणि वर वजन चढवत जा. पन्हाळ्या पट्टीच्या लांबीच्या दिशेनं असल्या तर पूल टिकतो, आडव्या असल्या तर लगेच वाकतो, हे मुलं पहिल्याच तासाला शोधतात. मग झाकणाची पेटी आखू द्या. बहुतेकजण चिकटवायच्या कडा ठेवायला विसरतील, झाकण पेटीपेक्षा किंचित मोठं करायला तर सगळेच विसरतील. ती पेटी दुसऱ्यांदा करायला वेळ ठेवा. पुढच्या वर्षी तोच शिक्षक कापड घेईल, आणि लाकडाची पाळी तिसऱ्या वर्षी येईल.